बोटं झडतात, हे कोणी पाहिलं?

आठवीच्या वर्गात एक मराठी शब्द आला की माझ्या उर्दू शाळेतली मुलं दरवर्षी हसतात. तो शब्द म्हणजे ‘भूलतज्ज्ञ’. उर्दूत भूल म्हणजे चूक. त्यामुळे भूलतज्ज्ञ म्हणजे चुका करण्यात पटाईत असलेला डॉक्टर, असा अर्थ पोरं काढतात. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणतं, ‘टीचर, ऐसे डॉक्टर के पास कौन जाएंगा?’

मग मी त्यांना सांगते की भूल म्हणजे विसरसुद्धा. भूल देणं म्हणजे शरीराला दुखण्याचा थोडा वेळ विसर पाडणं. सगळ्या शरीराला पाडला तर माणूस झोपतो, ती पूर्ण भूल. एखाद्याच भागाला पाडला तर माणूस जागा राहतो आणि तेवढा भाग झोपतो, ती स्थानिक भूल. उर्दूत आपण याला ‘सुन्न करना’ म्हणतो. हे सुन्न संस्कृतातल्या शून्यापासून आलं. म्हणजे आमच्या उर्दू शब्दाचं मूळ संस्कृतात, आणि मराठी शब्द ऐकून हसणारी पोरं उर्दूची. भाषेच्या तासाला एवढी गंमत पुरते.

दोन वर्षांपूर्वी मात्र हे सुन्न माझ्याच उजव्या हातात येऊन बसलं.

सुरुवात रात्री झाली. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांना मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला की बरं वाटायचं. पुढे फळ्यावर लिहिताना खडू सुटायला लागला. मी उर्दू उजवीकडून डावीकडे आणि मराठी डावीकडून उजवीकडे लिहिते. वीस वर्षं दोन्ही दिशांना फिरलेला हात दोन्ही दिशांना अडखळू लागला. तरी मी दुर्लक्ष केलं. एका फजरच्या नमाजनंतर तसबीह फिरवताना बोटांखाली मणी आहे की नाही, हेच कळेना, तेव्हा घाबरले. मोजणी चुकली होती आणि मणी सरकल्याचं बोटांनी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी निदान केलं कार्पल टनेल. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून बोगद्यासारखी वाट आहे. तिथून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नावाची एक नस. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी; पुस्तकात तिला चेतातंतू म्हणतात. बोगद्यात दाटी झाली की सगळ्यांत आधी ही नस चेपली जाते. गोळ्या आणि पट्टी यांनी भागलं नाही, तर तो पट्टा कापून नसेला मोकळं करायचं.

‘पूर्ण भूल द्याल ना?’ मी विचारलं.

‘कशाला, मॅडम? आपण गप्पा मारत करू. सकाळी नाश्ता करून या.’

मी गेले. तळहाताच्या मुळाशी बारीक सुईनं औषध टोचलं, आणि मग डॉक्टर निघूनच गेले! अर्धा तास मी बाहेर बाकावर बसून होते. औषधाला आपलं काम करायला तेवढा वेळ द्यायचा असतो, असं नंतर कळलं. टेबलावर घेतलं तेव्हा दंडाला पट्टा आवळला नाही, तोंडावर मास्क लावला नाही. हात कापला जात होता आणि मला ओढ जाणवत होती, दाब जाणवत होता, दुखत मात्र नव्हतं. मधेच डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, मूठ मिटा. आता उघडा.’ मी मिटली, उघडली. पडद्याआड माझाच हात माझं ऐकत होता.

टाके घालताना ते म्हणाले, ‘नसा मोकळ्या करायला मी कुष्ठरुग्णांच्या कोपरावर शिकलो. आपला वर्धा जिल्हा तर त्या कामाचं माहेरघर.’

मी चपापले. कारण कुष्ठरोग म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं.

गिरडच्या पायऱ्या

समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीदांचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान सगळेच तिथे जातात. लहानपणी नानीबरोबर मीही जायची. वाटेच्या कडेला हातांना चिंध्या गुंडाळलेली माणसं बसलेली असायची. एका म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला बोटंच नव्हती, नुसती खुंटं. तो दोन तळव्यांच्या मध्ये वाटी धरायचा. मी त्याला नाणं द्यायला पुढे झाले की नानी माझं मनगट पकडायची. ‘दूर से डाल. हाथ मत लगा. इनकी उंगलियाँ झड़ती हैं, तेरी भी झड़ेंगी.’

नानी दुष्ट नव्हती. घरात चूल पेटली की पहिली भाकरी दारावरच्या माणसासाठी काढून ठेवणारी बाई होती ती. तिला जे सांगितलं गेलं होतं तेच ती मला सांगत होती. तिच्या आईनं तिला सांगितलं असेल, आईला तिच्या नानीनं. बोटं झडताना यांच्यापैकी कोणी पाहिली होती? कोणीच नाही. सगळ्यांनी झडलेली बोटं पाहिली होती. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते समजायला मला चाळिशी उलटावी लागली.

ऑपरेशननंतर पंधरा दिवस हात बांधलेला होता. त्या दिवसांत मी आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास वाचून काढला.

वर्ध्यानं काय केलं

१९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. शहाण्या घरांतले लोकही कुष्ठरुग्णाची सावली टाळत होते, तो हा काळ. पुढे थोड्याच वर्षांत सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर राहिलेले, आणि आता कुष्ठरोगानं खंगलेले. गांधीजींनी त्यांना आश्रमातून परत पाठवलं नाही. आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केलं. परचुरे कुटी आजही आश्रमात आहे. शाळेची सहल नेली की मी मुलांना तिथे थांबवते. फोटो काढून झाले की सांगते, इथे एका माणसानं दुसऱ्याला हात लावला, एवढीच या झोपडीची गोष्ट आहे.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाच्या स्मारक निधीतून १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग फाउंडेशन उभं राहिलं. मुख्यालय वर्धा. डॉ. र. वि. वार्डेकरांनी तिथे जी पद्धत बसवली तिची तीन अंगं होती: घरोघर जाऊन तपासणी, लोकांना समजावणं आणि उपचार. रोग्याला उचलून वेगळ्या वस्तीत नेऊन टाकायचं नाही. औषध त्याच्या दारात न्यायचं, तो राहील आपल्या घरात, आपल्या माणसांत. तोवर डॅप्सोन हे स्वस्त औषध हाती आलं होतं, म्हणून हे शक्य झालं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तीन औषधं एकत्र देणारी बहुविध औषधपद्धती आली. ती देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबवली, त्यांत आपला वर्धा होता. बाबा आमटे जन्मले तेही याच जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्यांचं आनंदवन मात्र शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ.

ही सगळी नावं आपण सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ करतो. पण मुळात हा रोग शरीरात करतो काय, हे पाठ्यपुस्तकात नीट येत नाही. म्हणून नानीचं वाक्य टिकून राहतं.

रोग नसेत असतो

नॉर्वेच्या हान्सेननं १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला. मोठा संथ जंतू. बहुतेक जंतू मिनिटांत किंवा तासांत दुप्पट होतात, याला साधारण दोन आठवडे लागतात. त्याला थंडावा आवडतो, म्हणून तो शरीराच्या आतल्या उबेत न जाता कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत घर करतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाड आपटलं की करंगळीपर्यंत करंट लागल्यासारखं होतं ना? ती अल्नर नस. कातडीच्या अगदी खाली असल्यानं ती या जंतूला फार सोयीची. तशाच मनगटातली मीडियन, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नस.

जंतूपेक्षाही जास्त नुकसान होतं ते शरीर त्याच्याशी लढायला लागतं तेव्हा. नस सुजते, दोरीसारखी जाड होते. उघड्यावरची सूज बाहेर पसरते, पण या नसा तर अरुंद बोगद्यांतून जातात. सूज आतल्या आत नसेलाच आवळते आणि तिचा रक्तपुरवठा तुटत जातो. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग करंगळी आणि शेजारचं बोट पंज्यासारखं वाकतं. माझ्या मनगटात जे घडत होतं, त्याचाच हा कितीतरी क्रूर भाऊ.

मग बोटं जातात कुठे? याचं उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड या शल्यविशारदानं शोधलं. १९४६ साली तो तिथे आला. पुढच्याच वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात त्यानं शेकडो वाकडे हात पाहिले आणि ‘मांस सडतं, बोटं झडतात’ हे जुनं मत तपासायला घेतलं. त्याच्या ध्यानात आलं की मांस आपोआप सडत नाही. हाताला दुखत नाही म्हणून माणूस गरम भांडं तसंच धरून ठेवतो, खिळा टोचला तरी चालत राहतो, जखम झाली तरी तोच हात वापरतो. रात्री झोपेत उंदरांनी बोट कुरतडलं तरी जाग येत नाही, हेही त्यानं शोधून काढलं आणि रुग्णांच्या खोल्यांत मांजरं ठेवायला लावली. जखमेवर जखम, त्यात जंतुदोष, हाडापर्यंत गेलेला पू, आणि मग हाड झिजत, विरघळत आखूड होतं.

म्हणजे बोटं रोगानं झडत नाहीत. दुखणं हरवल्यानं, रोजच्या जगण्यात, तुकड्या-तुकड्यानं हरवतात. गिरडच्या त्या म्हाताऱ्याची बोटं चुलीनं, भांड्यानं, दगडानं नेली होती. माझ्या नाण्याला त्याचा स्पर्श झाल्यानं माझं काहीच जाणार नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशीर अँटिया यांनी पुढे नेलं. ते पारशी, प्लास्टिक सर्जन. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात रुग्णांचे हात, नाक, चेहरे दुरुस्त केले. सर्जननं कुष्ठरुग्णाला हात लावावा, हीच तेव्हा बातमी होती.

सुन्न होऊ नये म्हणून सुन्न करणं

वाकलेला हात दुरुस्त करण्यापेक्षा नस मरण्याआधीच वाचवली तर? बधिरपणा नवा असेल, साधारण सहा महिन्यांच्या आतला, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरू शकते. तेवढ्यानं भागलं नाही, नसेत गळू झालं किंवा कळा थांबेनात, तर बोगदा उघडून नसेला मोकळं करतात. गोळ्यांच्या जोडीला या शस्त्रक्रियेनं नेमका किती जास्त फायदा होतो, यावर पक्का पुरावा अजून उभा राहिलेला नाही, हेही इथे सांगायला हवं. म्हणून ती सरसकट केली जात नाही, रुग्ण पाहून ठरवतात.

इथे भूल येते. दुखणं बधिर करण्याची माणसाची धडपड जुनी आहे. इब्न सिनाच्या ‘अल-कानून’मध्ये ‘मुखद्दिर’ म्हणजे सुन्न करणाऱ्या गोष्टींत अफू येते, बर्फासारखं गार पाणीही येतं. पण हवा तेवढाच भाग बधिर करून माणूस जागा ठेवणं जमलं ते १८८४ साली. व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला. लगेच अमेरिकेत हाल्स्टेडनं दाखवलं की नसेजवळ कोकेन टोचलं तर ती नस जिथवर जाते तो सगळा भाग बधिर होतो. हे प्रयोग त्यानं स्वतःवर केले आणि कोकेनच्या व्यसनात सापडला. कोकेनला पर्याय म्हणून १९०५ च्या सुमारास प्रोकेन वापरात आलं. १९४३ साली स्वीडनच्या लॉफग्रेननं लिग्नोकेन तयार केलं. दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या प्रत्येकाला ते झायलोकेन या नावानं माहीत आहे.

हे औषध नसेतल्या विजेसारख्या संदेशाची दारं थोडा वेळ बंद करतं. दुखण्याचे तंतू बारीक, ते आधी झोपतात. दाबाचे आणि हालचालीचे जाड, ते उशिरा. म्हणून मला ओढ कळत होती, दुखत नव्हतं, आणि मूठही मिटत होती.

कुष्ठरुग्णाच्या कोपरावर हीच गोष्ट केली जाते, तेव्हा तिचा अर्थ बदलतो. माझ्यासाठी भूल म्हणजे दोन-चार तासांचा बधिरपणा. त्याच्यासाठी बधिरपणा हाच शत्रू. हात आयुष्यभर सुन्न होऊ नये म्हणून तो काही तास सुन्न करून घ्यायचा. संध्याकाळी औषध उतरलं की जखम ठणकायला लागते. आपण कण्हतो. आधीच बधिर होत चाललेल्या हाताच्या मालकाला ती ठणक कशी वाटत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

जागेपणाचा आणखी एक उपयोग आहे. नस मोकळी केल्यावर डॉक्टर म्हणतात, कोपर वाकवा. रुग्ण वाकवतो आणि नस जागेवर राहते की हाडावरून घसरते, ते तिथल्या तिथे दिसतं. झोपलेला माणूस हे दाखवू शकत नाही. शिवाय उपाशी राहावं लागत नाही, मधुमेही आणि हृदयाच्या म्हाताऱ्या रुग्णांना पूर्ण भुलेचा धोका टळतो, आणि तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरं ‘बोटं झडतात’

इतकं सोपं होतं, तर हाताची ऑपरेशनं जागेपणी सरसकट का होत नव्हती? मी डॉक्टरांना हेच विचारलं. ते हसले. ‘कारण आमच्याही पुस्तकात लिहिलं होतं की बोटं झडतात.’

झालं होतं असं. हात कापला की रक्त येतं आणि रक्तात बारीक नस दिसत नाही. म्हणून दंडाला फुगवायचा पट्टा बांधून रक्त अडवत. जाग्या माणसाला हा पट्टा फार वेळ सोसत नाही, दंड असह्य ठणकतो. म्हणून पूर्ण भूल. याला एक तोड होती. लिग्नोकेनमध्ये किंचित ॲड्रेनॅलिन मिसळलं की त्या भागातल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त थांबतं आणि भूलही जास्त वेळ टिकते. पण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं की बोटांत ॲड्रेनॅलिन कधी टोचू नका, रक्त बंद होईल, बोट काळं पडेल, झडेल.

कॅनडाच्या सेंट जॉन शहरातल्या डॉ. डोनाल्ड लालोंड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाक्य तपासलं. हात आणि बोटांत ॲड्रेनॅलिन दिलेल्या ओळीनं ३,११० रुग्णांची नोंद त्यांनी ठेवली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. एकाचंही बोट गेलं नव्हतं. गरज पडलीच तर ॲड्रेनॅलिनचा परिणाम उलटवणारं औषध असतं, तेही एकदाही वापरावं लागलं नाही. मग जुन्या काळी जी बोटं खरोखर गेली होती, ती कशानं? जुने अहवाल उघडल्यावर संशय प्रोकेनवर आला. ते साठवून ठेवलं की आम्लासारखं होत जायचं, आणि त्या काळी बाटलीवर मुदत छापण्याची पद्धत नव्हती. गुन्हा बहुधा जुन्या प्रोकेनचा होता, शिक्षा ॲड्रेनॅलिननं भोगली.

माझा हात ज्या अर्ध्या तासात बाकावर नुसता बसून होता, तो अर्धा तास या शोधातून आला आहे. ॲड्रेनॅलिननं रक्तवाहिन्या पुरत्या आकसायला तेवढा वेळ लागतो.

माझी नानी निरक्षर होती. ते डॉक्टर जगातल्या उत्तम कॉलेजांत शिकलेले. दोघांचं वाक्य मात्र एकच होतं: बोटं झडतात. दोघांनीही ते आपल्या वडीलधाऱ्यांकडून घेतलं आणि पुढच्याला दिलं. आणि दोन्हींची किंमत ज्यांनी मोजली ते गरीब होते. नानीच्या वाक्यानं माणसाला गावाबाहेर बसवलं. डॉक्टरांच्या वाक्यानं साध्या ऑपरेशनला मोठ्या शहराची, मोठ्या खर्चाची गोष्ट बनवलं. मी बी.एड.ला शिकले की मुलांना प्रश्न विचारायला शिकवावं. खरं सांगते, इतकी वर्षं मी त्यांच्याकडून बरीचशी वाक्यं पाठच करून घेतली आहेत.

हात लावण्याची गोष्ट

वाचकांपैकी कोणी म्हणेल, आपल्याकडे जुजामच्या रोग्यापासून दूर पळायला सांगितलं आहे. हो, तशी रिवायत आहे. तशीच एका रोग्याला आपल्याच ताटात बरोबर जेवायला बसवल्याचीही रिवायत आहे. उलेमांनी दोन्हींवर बरंच लिहिलं आहे, त्या वादात पडण्याची माझी पात्रता नाही. इतिहासात मला एवढं दिसतं की आठव्या शतकाच्या सुरुवातीला दमास्कसच्या उमय्या खलिफा वलीदनं कुष्ठरुग्णांना वजिफा बांधून दिला, म्हणजे त्यांना हात पसरावा लागू नये. तबरीनं हे नोंदवलं आहे. तेव्हा औषध नव्हतं, तरी एवढं सुचलं होतं.

आपल्या देशात औषध आल्यानंतरही कायदा मागेच राहिला. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा संसदेनं २०१६ साली रद्द केला. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येतो, ही तरतूद २०१९ मध्ये निघाली. ती हिंदू विवाह कायद्यात होती, तशीच १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही होती. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा रोग २०१९ पर्यंत घर मोडायला पुरेसं कारण होता. नानीच्या वाक्यानं कायद्याच्या पुस्तकातही जागा मिळवली होती.

२००५ च्या अखेरीस देशानं ठरलेलं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकून आपण समजलो की रोग संपला. तो संपलेला नाही. नवे रुग्ण आजही सापडतात, त्यांत मुलंही असतात. गोळ्यांचा कोर्स संपल्यानंतरही नस सुजू शकते.

म्हणून वर्गात मी आता वेगळा धडा घेते. अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा, औषध मोफत मिळतं. गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर कोपर दुखलं, करंगळी सुन्न वाटली, चप्पल पायातून कळेनाशी निघाली, तर त्याच आठवड्यात जा. महिना-दीड महिना थांबलात तर नस थांबत नाही.

माझ्या बोटांत संवेदना परत यायला तीन महिने लागले. आधी अंगठा, मग मधलं बोट, सगळ्यांत शेवटी पहिलं. एका पहाटे तसबीहचा मणी बोटाखालून सरकला आणि सरकल्याचं कळलं. मी तिथेच थांबले. किती झाले होते ते विसरले, पहिल्यापासून मोजायला घेतलं.

गिरडला मी त्यानंतर एकदा गेले. तो म्हातारा आता असणं शक्यच नव्हतं. पायऱ्यांशी दुसरी एक बाई बसली होती, तिचीही बोटं वाकलेली. मी खाली बसले, नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिचा हात माझ्या हातात धरून विचारलं, ‘कळतं का काही?’

ती म्हणाली, ‘या हाताला नाही, बाई. पण तुम्ही हात धरला, ते दिसलं.’